एकट्याची मैफल

पूर्वी गाणे ऐकायचे म्हणजे गाण्याकडे जावे लागे. देवळाच्या सभामंडपात, संस्थानिकाच्या दिवाणखान्यात, गणेशोत्सवाच्या मांडवात किंवा एखाद्या रसिक वकिलाच्या माडीवर गाणे होई आणि ऐकणारे तेथे जाऊन बसत. पुढे ग्रामोफोनची तबकडी आली आणि गाणे घरी येऊ लागले. नभोवाणी आली आणि ते न बोलावताही येऊ लागले. गेल्या काही दशकांत त्याने आणखी एक पाऊल पुढे टाकले आहे. आता ते घराच्या दिवाणखान्यातही थांबत नाही. सरळ आपल्या कानाशी येऊन बसते. या कानाशी बसणाऱ्या गाण्याविषयी, म्हणजे घरी हेडफोन लावून संगीत ऐकण्याविषयी आणि त्यासाठी उत्तम प्रतीचा हेडफोन कसा पारखावा याविषयी, आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

मी ध्वनिशास्त्रज्ञ नाही आणि गवईही नाही. मी सरकारी नोकर आहे. दर तीन-चार वर्षांनी बदलीचा हुकूम येतो, सामान बांधले जाते आणि नव्या गावी नव्या क्वार्टरमध्ये बिऱ्हाड मांडावे लागते. सरकारी क्वार्टरच्या भिंती चुन्याच्या, फरशी उघडी, छत उंच. तेथे मोठा स्पीकर लावला की स्वर ऐकू येण्याऐवजी स्वराचा प्रतिध्वनीच अधिक ऐकू येतो. शिवाय पलीकडच्या भिंतीला एखाद्या सहकाऱ्याचा परीक्षेला बसलेला मुलगा असतो आणि अलीकडे आपलीच माणसे झोपलेली असतात. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासून चालत आलेला आहे. पण गुवाहाटीला किंवा रांचीला नेमणूक असलेल्या मराठी माणसाला डिसेंबरात रजा मिळेलच असे नाही. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यापैकी पुष्कळांची हीच स्थिती असेल. अशांना हेडफोन ही चैन वाटण्यापेक्षा सोय वाटते. कोणत्याही खोलीत तो तसाच वाजतो. खोलीच्या गुणदोषांशी त्याला कर्तव्य नसते. आणि बदली झाली की तो ट्रंकेत मावतो.

या यंत्राचा जन्म संगीतासाठी झाला असे म्हणता येणार नाही; पण संगीताशी त्याची गाठ मात्र फार लवकर पडली. १८८१ साली पॅरिसच्या विद्युत प्रदर्शनात क्लेमां आदेर या अभियंत्याने ऑपेरागृहाच्या रंगमंचावर टेलिफोनचे प्रेषक बसवले आणि प्रदर्शनातल्या श्रोत्यांच्या हाती दोन-दोन श्रवणनळ्या दिल्या. एक डाव्या कानाला, एक उजव्या कानाला. रंगमंचावर गायक इकडून तिकडे गेला की ऐकणाऱ्यालाही तो सरकल्यासारखा वाटे. ज्याला आपण आज स्टीरिओ म्हणतो, त्याचा तो पहिला अनुभव. पुढे १९१० साली अमेरिकेत नॅथॅनिएल बाल्डविन याने आपल्या स्वयंपाकघरात डोक्यावर बसणारा जोडफोन तयार केला आणि तो तेथल्या नौदलाकडे पाठवला. नंतरची काही वर्षे हेडफोन म्हणजे तारायंत्रावरचे आणि जहाजावरचे कर्मचारी यांचे हत्यार होते. १९३७ साली जर्मनीत बायर यांनी आजच्या पद्धतीचा, चुंबक आणि तारेचे वेटोळे असलेला हेडफोन बनवला. १९५८ साली अमेरिकेत जॉन कॉस यांनी खास घरी तबकड्या ऐकण्यासाठी स्टीरिओ हेडफोन काढला आणि येथून हे यंत्र रसिकाच्या घरात शिरले. १९६० साली जपानच्या स्टॅक्सने स्थिरविद्युतावर चालणारा हेडफोन विक्रीस आणला, तर १९६८ साली जर्मनीच्या सेनहायझरने पाठीमागून उघडा असलेला हलका हेडफोन बाजारात आणला. आज दुकानात जे शेकडो प्रकार दिसतात, ते बहुतेक याच दोन-तीन कल्पनांचे वंशज आहेत.

त्या कल्पना थोडक्यात समजून घेतल्या तर निवड करणे सोपे जाते. सर्वसामान्य हेडफोनमध्ये एक पातळ पडदा असतो, त्याला तारेचे लहानसे वेटोळे चिकटवलेले असते आणि ते चुंबकाच्या फटीत मागे-पुढे हलते. वेटोळे हलले की पडदा हलतो आणि हवा हलते. दुसऱ्या प्रकारात वेटोळे नसतेच. पडद्यावरच विजेचे वाहक पट्टे उमटवलेले असतात आणि तो सगळा पडदा चुंबकांच्या रांगांमध्ये एकदम हलतो. त्याला प्लेनर म्हणतात. तिसरा प्रकार स्थिरविद्युतचा. त्यात अतिशय पातळ पडदा दोन सच्छिद्र पट्ट्यांच्या मध्ये ताणलेला असतो आणि त्याला शेकडो व्होल्टचा भार द्यावा लागतो. त्यामुळे त्याच्यासाठी स्वतंत्र अॅम्प्लिफायर लागतोच. यांपैकी अमुक जात श्रेष्ठ आणि तमुक कनिष्ठ असे सांगणारे लोक पुष्कळ भेटतात. परंतु सतार श्रेष्ठ की सरोद, या वादासारखाच तो वाद आहे. चांगल्या कारागिराने बनवलेले साधे वेटोळे, निष्काळजीपणे बनवलेल्या महागड्या पडद्याहून कधीही सरस.

याहून महत्त्वाचा भेद उघड्या आणि बंद हेडफोनचा. बंद हेडफोनची पाठ झाकलेली असते. त्यात बाहेरचा आवाज आत येत नाही, आतला बाहेर जात नाही. उघड्या हेडफोनची पाठ जाळीची असते. त्यातले गाणे ओसरीवर बसून ऐकल्यासारखे मोकळे वाटते. स्वराला श्वास घ्यायला जागा मिळते. ख्यालगायनासाठी माझा कौल सामान्यतः उघड्याच्या बाजूने पडतो. मात्र आपल्या देशात एक अडचण आहे आणि परदेशी परीक्षणांत तिचा उल्लेख सापडत नाही. ती अडचण म्हणजे छताचा पंखा. उघड्या हेडफोनमधून गाणे जसे मोकळे ऐकू येते तसाच पंख्याचा घरघराटही मोकळेपणाने आत येतो, आणि शेजारच्या कुकरच्या शिट्ट्याही. ज्यांना रात्री उशिरा किंवा पहाटे ऐकण्याची सवय आहे, त्यांनी उघडा घ्यावा. ज्यांना भर दुपारी, माणसांच्या वर्दळीत ऐकायचे आहे, त्यांनी चांगला बंद हेडफोन घ्यावा. मोकळेपणाच्या लोभाने उघडा घ्यायचा आणि मग गोंगाटावर मात करण्यासाठी आवाज वाढवीत राहायचे, यात हेडफोनचाही लाभ नाही आणि कानाचा तर नाहीच.

आता थोडे विजेच्या हिशेबाविषयी. हेडफोनच्या पेटीवर ओहमचा एक आकडा छापलेला असतो. तो त्याचा विद्युतविरोध. हा आकडा ३२ च्या आसपास असेल तर मोबाइलसारखे लहान यंत्रही त्याला बहुधा पुरेसे चालवू शकते. आकडा ३०० असेल, जसा १९९७ साली आलेल्या आणि आजही विकल्या जाणाऱ्या सेनहायझरच्या एचडी ६०० चा आहे, तर त्याला अधिक दाबाची वीज लागते आणि लहान यंत्रावर तो दबलेला वाटू शकतो. अशा वेळी छोटासा अॅम्प्लिफायर घ्यावा. एक साधा नियम लक्षात ठेवावा: ज्या यंत्राला हेडफोन जोडायचा, त्याचा स्वतःचा विरोध हेडफोनच्या विरोधाच्या आठव्या हिश्शाहून कमी असावा, नाही तर कित्येक हेडफोनचा तोल बिघडतो आणि खर्ज फुगल्यासारखा वाटतो. याच्यापलीकडे तारांवर, सोन्याच्या मुलाम्यावर आणि जाडजूड केबलींवर मोठा खर्च करण्याचे कारण मला आजवर सापडलेले नाही. बिनतारी हेडफोन सोयीचा खरा. पण त्यात बॅटरी असते आणि बॅटरीला आयुष्य असते. तारेचा चांगला हेडफोन, गाद्या आणि तार बदलत गेले तर, वीस वर्षेही साथ देतो. घरात एका जागी बसून ऐकणाऱ्याने तारेची लाज बाळगू नये.

यानंतर मोठा प्रश्न येतो तो किमतीचा. हेडफोनची किंमत काही शेकड्यांपासून काही लाखांपर्यंत असते. सेनहायझरने २०१५ साली जो हेडफोन जाहीर केला, त्याच्या अॅम्प्लिफायरची बैठक इटलीच्या संगमरवराची आहे. त्याच्या किमतीत एखादी मोटार येते. अशा वस्तू पाहून सामान्य माणसाची समजूत होते की पैसा जितका अधिक तितका स्वर अधिक. या समजुतीची परीक्षा झालेली आहे. येरून ब्रेबार्ट या संशोधकाने २०१७ साली २८३ हेडफोनांची मोजमापे तपासली आणि कोणता स्वर किती जोराने वाजतो याचा किमतीशी काही संबंध आहे का, ते पाहिले. तसा संबंध त्याला आढळला नाही. याचा अर्थ महाग हेडफोन वाईट असतात असा नव्हे. अधिक पैशांत टिकाऊपणा मिळतो, बदलता येणारे भाग मिळतात, डोक्यावर सुखाने बसणारी बनावट मिळते, काही वेळा अधिक स्वच्छ ध्वनीही मिळतो. पण स्वराचा तोल किमतीच्या चिठ्ठीवर छापलेला नसतो, एवढे त्यावरून निश्चित होते.

सरकारी खरेदीत दोन लिफाफ्यांची एक पद्धत आहे. आधी तांत्रिक लिफाफा उघडायचा, वस्तू कामाला योग्य आहे की नाही हे ठरवायचे, आणि जी योग्य ठरेल तिचाच दराचा लिफाफा नंतर उघडायचा. ही पद्धत पाळताना आमची पुष्कळ चेष्टा होते. पण हेडफोन घेताना ती अक्षरशः पाळावी असा माझा सल्ला आहे. किंमत विचारण्याआधी ऐकावे. मित्राकडे असेल तर चार दिवस मागून आणावा. मोठ्या शहरांत ऐकून पाहण्याची सोय असलेली मोजकी दुकाने आहेत, तेथे निवांत वेळ काढून जावे. आणि घरपोच मागवायचाच असेल तर परत करण्याची मुदत किती, हे आधी वाचून घ्यावे.

पण ऐकायचे काय? येथे पुष्कळांची फसगत होते. दुकानातला मनुष्य आपल्या पसंतीचे काहीतरी लावतो. त्यात खर्ज घुमतो, झांजा चमकतात, आणि दहा मिनिटांत आपण दिपून जातो. दिपणे आणि ऐकणे या निराळ्या गोष्टी आहेत. जो आवाज दुकानात डोळे दिपवतो, तोच घरी तासाभराने डोके उठवतो. म्हणून आपले गाणे आपण घेऊन जावे; जे शंभरदा ऐकलेले आहे असेच न्यावे. दोन हेडफोनांची तुलना करताना दोघांचा आवाज सारखा ठेवण्याची दक्षता घ्यावी, कारण किंचित मोठा वाजणारा हेडफोन मनुष्याच्या कानाला नेहमीच अधिक चांगला वाटतो. आणि एकावेळी दोन-तीनपेक्षा अधिक हेडफोन ऐकू नयेत. अत्तराच्या दुकानात पाचव्या फायानंतर नाकाची जी स्थिती होते, तीच येथे कानाची होते.

पारखण्यासाठी मी स्वतः ज्याचा आधार घेतो तो तानपुरा. आपल्या मैफलीत सर्वांत मागे बसणारे आणि ज्याच्याकडे कोणी पाहत नाही असे ते वाद्य. पण हेडफोनची परीक्षा घेण्यात त्याच्याइतका कठोर परीक्षक नाही. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचा षड्ज सुमारे १३८ हर्ट्झचा. त्याच्या तानपुऱ्यातली खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ हर्ट्झवर बोलते. तेथपासून वर हजारो हर्ट्झपर्यंत उपस्वरांची मोठी उतरंड एका तारेतून उभी राहते. जवारी लागणे म्हणतात ते हेच. घोडीच्या किंचित गोलसर पृष्ठभागावर तार घासत बोलते आणि मध्ये सारलेला दोरा तिची घास नेमकी बसवतो. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली या वाद्यावर लिहिले. तारेला जेथे छेडावे, तेथल्या नियमाने जे उपस्वर निघताच कामा नयेत, तेही तानपुऱ्यातून स्पष्ट निघतात, हे त्यांनी दाखवून दिले. आम्हा नोकरदारांना अभिमानाची गोष्ट अशी की हेच रामन १९०७ ते १९१७ या काळात सरकारच्या वित्त खात्यात अधिकारी होते आणि आपले संशोधन कचेरीच्या वेळेबाहेर करीत.

तर हेडफोन लावून आधी नुसता तानपुरा ऐकावा. तीन प्रश्न विचारावेत. खर्जाच्या तारेला भोपळ्याची पोकळी आहे का, की ती नुसतीच धप्प वाजते? जवारी तेजाळते का, की काचेसारखी कानाला टोचते? आणि तारा सुरात मिळालेल्या असतील तर त्यांतून उमटणारा स्वयंभू गांधार, जो कोणी वाजवलेला नसतो, तो आपणहून वर येतो का? त्यानंतर गायकाचा स्वर लागू द्यावा. स्वर लागला की चांगल्या हेडफोनमध्ये तानपुरा मागे सरकतो. पण नाहीसा होत नाही. तो गायकाच्या स्वराच्या पाठीशी भिंतीसारखा उभा राहतो. जेथे गायक पुढे येताच तानपुरा विरून जातो, किंवा जेथे तानपुराच गायकाच्या अंगावर येतो, तो हेडफोन कितीही किमतीचा असो, ख्याल ऐकण्याच्या कामाचा नाही. तबल्यासाठी डग्ग्याची मींड ऐकावी. तळहात सरकताना खर्जातला स्वर चढत जातो, तो सलग ऐकू यावा. वाद्यांसाठी शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया आणि ब्रिजभूषण काब्रा यांची १९६७ ची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही तबकडी उत्तम. संतूर आणि गिटार दोन्ही तारेचीच वाद्ये. एकावर काठी पडते, दुसऱ्याची तार छेडली जाते. हा फरक प्रत्येक आघाताला कळला पाहिजे.

तानपुऱ्याचे हे महत्त्व मला एका वृद्ध माणसामुळे पटले. माझे एक मामा शाळामास्तर होते आणि गावात कोणी गवई आला की तानपुरे मिळवायला त्यांनाच बोलावीत. सत्तरी उलटल्यावर त्यांना कमी ऐकू येऊ लागले. खोलीत स्पीकर लावला तर त्यांना शब्द कळेनात, स्वर एकात एक मिसळत; म्हणून त्यांनी गाणे ऐकणेच सोडून दिले. 'आता आठवते तेवढे पुरे,' असे म्हणत. एकदा ते आमच्याकडे राहायला आले असता मी आवाज बेताने ठेवून त्यांच्या कानांवर हेडफोन चढवला. एका मैफलीचे जुने ध्वनिमुद्रण होते. बराच वेळ ते डोळे मिटून बसले. आम्ही सारे त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो. काहीतरी गहिवरून बोलतील अशी आमची अपेक्षा. हेडफोन न काढता ते मोठ्याने म्हणाले, "दुसऱ्या तानपुऱ्याचा पंचम उतरला आहे. गवई सांगत का नाही?" मी तो भाग नंतर लक्ष देऊन ऐकला. पंचम खरोखरच केसभर उतरलेला होता. कान थकले होते. पण त्यांच्या मागे बसलेला जाणकार अजून जागा होता. त्याला हाक मात्र जवळून मारावी लागत होती. अर्थात कमी ऐकू येण्यावर हेडफोन हा इलाज नव्हे. त्यासाठी वैद्याकडेच जावे. परंतु खोलीचा कल्लोळ मधून काढून टाकला की थकलेल्या कानालाही किती सापडते, ते मी त्या दिवशी पाहिले.

जुन्या ध्वनिमुद्रणांविषयी मात्र सावध राहावे लागते. भारतात ग्रामोफोनसाठी ध्वनिमुद्रण १९०२ मध्ये कलकत्त्याला सुरू झाले आणि गौहरजान या त्या सुरुवातीच्या गायिकांपैकी एक होत्या. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तीन-तीन मिनिटांच्या तबकड्या आजही आपण ऐकतो. त्या एकमार्गी आहेत. म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज येतो आणि हेडफोनमध्ये गायक जणू आपल्या मस्तकाच्या मध्यभागी बसून गातो. पहिल्यांदा हे विचित्र वाटते, मग सवय होते. पण सुईची खरखर ही खरी पंचाईत. अतिशय तल्लख, वरच्या स्वरांना उजाळा देणारा हेडफोन ही खरखर इतकी उठावदार करतो की गाणे तिच्याआड जाते. ज्यांचा मुख्य ओढा जुन्या तबकड्यांकडे आणि खाजगी मैफलींच्या ध्वनिमुद्रणांकडे आहे, त्यांनी सौम्य स्वभावाचा हेडफोन घ्यावा. तो कमी किमतीचा असू शकतो आणि त्यात काही कमीपणा नाही. शेवटी यंत्राला मर्यादा असते. भास्करबुवा बखले १९२२ साली गेले आणि त्यांच्या गाण्याचे ध्वनिमुद्रण उपलब्ध नाही. जगातला कोणताही हेडफोन ती मैफल आपल्याला ऐकवू शकत नाही.

द्विमार्गी, म्हणजे स्टीरिओ ध्वनिमुद्रणांची तऱ्हा याच्या उलट. समोर दोन स्पीकर ठेवले तर डाव्या स्पीकरचा आवाज किंचित उशिराने उजव्या कानालाही पोहोचतो. हेडफोनमध्ये तसे होत नाही. त्यामुळे काही तबकड्यांत तबला पुरता एका कानात आणि सारंगी पुरती दुसऱ्या कानात जाऊन बसते, आणि दोन खोल्यांत दोन माणसे वाजवीत आहेत असे वाटते. बेंजामिन बाउअर या संशोधकाने १९६१ सालीच यावर उपाय सुचवला होता. एका बाजूचा थोडासा आवाज, थोड्या विलंबाने, दुसऱ्या बाजूला मिसळावा, हा तो उपाय. आजच्या अनेक अॅम्प्लिफायरमध्ये आणि संगणकाच्या कार्यक्रमांत ही सोय असते. ती वापरून पाहावी. दीर्घकाळ ऐकताना डोक्याला येणारा शीण तिने कमी होतो.

शिणाचा विषय निघाला म्हणून शरीराच्या सुखाविषयीही सांगितले पाहिजे. विलंबित ख्याल पाऊण तास चालतो. हेडफोन अर्ध्या किलोचा असेल तर तेवढ्या वेळात मान बोलू लागते. चष्मा वापरणाऱ्यांनी चष्म्यासह लावून पाहावा; दोन्ही बाजूंचा दाब चष्म्याच्या काड्यांवर पडला तर अर्ध्या तासात कानशिले दुखतात. मुंबई, चेन्नई, कोलकाता अशा दमट शहरांत कृत्रिम कातड्याच्या गाद्या घामाने ओल्या होतात आणि दोन-तीन पावसाळ्यांत त्यांचे पापुद्रे सुटू लागतात. तेथे मखमली कापडाच्या गाद्या बऱ्या. गाद्या बदलून मिळतात का, हे विकत घेण्याआधीच विचारावे.

गाद्या बदलून मिळतात, तार बदलून मिळते. कान बदलून मिळत नाही. हेडफोनची मोठी मोहिनी अशी की आवाज हळूहळू वाढवत नेला तरी शेजारी तक्रार करीत नाही आणि स्वतःलाही कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २०१९ साली जे मानक दिले, त्यानुसार प्रौढ माणसाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्यात ४० तासांपर्यंत ऐकावा. दर ३ डेसिबल वाढीला ही मुदत निम्मी होते. ८३ ला २० तास, ८६ ला १०, आणि ९० च्या सुमारास अवघे ४. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही. यासाठी एक सोपा शिरस्ता पाळावा. गाणे सुरू होण्याआधी, तानपुरा ऐकतानाच आवाज ठरवावा आणि नंतर त्या कळीला हात लावू नये. आलाप सुरू झाला की तो कमी वाटेल. पण पाच मिनिटांत कान स्थिरावतो आणि तेवढाच आवाज पुरेसा वाटू लागतो. चांगल्या हेडफोनचा खरा उपयोग हाच, की त्यावर हळू ऐकूनही पुष्कळ ऐकू येते. आणखी एक खर्च वाचवता येईल. पेटीवर ४०,००० हर्ट्झपर्यंतचे आकडे छापलेले असतात. माणसाचा तरुण कान जेमतेम २०,००० पर्यंत ऐकतो आणि चाळिशीनंतर वरची मजल उतरू लागते. जे ऐकूच येत नाही त्यासाठी आमच्या वयाच्या माणसाने पैसे मोजावेत, असे मला वाटत नाही.

एवढे सगळे जमून आले तरी एक उणीव राहते आणि ती कोणत्याही यंत्राने भरून निघत नाही. आपले संगीत समोरच्या माणसासाठी गायले जाते. समेवर शेजाऱ्याची मान डोलली की आपली मान अधिक डोलते. एका 'वा'ने गवयाला पुढची जागा सुचते. हेडफोन लावून बसलेला मनुष्य मध्येच 'क्या बात है' म्हणाला तर घरातली माणसे दचकतात. ज्या घरात प्रत्येकाच्या कानावर आपापला हेडफोन आहे, तेथे गाणे पुष्कळ आणि मैफल मात्र एकही नाही, असे होऊ शकते. मुलांच्या कानावर न कळत जे सूर पडतात, दुसऱ्या खोलीतून, स्वयंपाक चालू असताना, सकाळी रेडिओवर, त्यांतूनच पुढचा श्रोता तयार होतो. आमच्या पिढीला गाणे असेच मिळाले. कानाला गादी लावून आपण ते बंद केले, तर पुढच्या पिढीला ते कोठून मिळणार?

म्हणून मी घरात एक प्रघात ठेवला आहे. रात्री एकट्याने जे ऐकतो, त्यातले जे विशेष आवडेल ते रविवारी सकाळी साध्या स्पीकरवर सर्वांसाठी लावतो. त्यात तानपुऱ्याचा खर्ज तितका घुमत नाही, पंखाही मध्ये बोलतो, पोहे परतण्याचा आवाज येतो. पण मुलगी विचारते, "बाबा, हा राग कोणता?" आणि मग तिच्या कानावर हेडफोन चढवून तेवढाच आलाप तिला पुन्हा ऐकवता येतो.